गव्हाचे बाबा

मी एकदा एका मुलीचे वडील निवडून, चाळून डब्यात भरून ठेवले होते. चष्मा पुसू नका, वाक्य बरोबर आहे. तेव्हा मी लहान होते, जेमतेम एकाहत्तरची. त्या वयात बाईला वाटतं की जगातला सगळा पसारा आपल्याच हाताची वाट बघत पडलाय.

आमच्या परदेशीपुऱ्यात वस्तीचं एक कलाकेंद्र आहे. खाली आम्हा बायकांचं भजन, वर मुलांची चित्रकला. त्या हिवाळ्यात तिथे सिनेमा आणि अ‍ॅनिमेशन शिकणारे तीन विद्यार्थी इंटर्न म्हणून आले. दोन मुलगे कॅमेरा घेऊन गल्लीभर भटकायचे. तिसरी ती. सांवेरहून रोज बसने यायची. दोन वेण्या, वडिलांचा जुना स्वेटर आणि स्वेटरच्या खिशात भुवया कोरायचा चिमटा. भुवया मात्र जन्मात कोरलेल्या नव्हत्या.

इंटर्न म्हणजे डॉक्टरच, असं धरून चालून आमच्या भजनातल्या वहिनी पहिल्याच दिवशी तिला गुडघा दाखवायला गेल्या. तिने तो गंभीरपणे पाहिला. "थोडा वाकवा. थांबा. अजून थोडा." असे वीसेक फोटो काढले आणि मोबाइलवर सलग लावून दाखवले. वहिनींचा गुडघा ठेक्यात नाचत होता. वहिनी म्हणाल्या, "बघा, एवढा तर मला लग्नातही नाचवता आला नाही." दुखणं कुठे गेलं कोण जाणे.

तिचा धंदाच तो, न हलणाऱ्याला हलवण्याचा. वस्तू जराशी सरकवायची, हात काढायचा, फोटो. परत सरकवायची, हात काढायचा, फोटो. असे बारा फोटो झाले की सिनेमातला एक सेकंद होतो. त्यामुळे "हात काढा, आजी" आणि "अजून एक, बस" ही दोन वाक्यं तिच्या तोंडात बसलेली. पोहे खातानासुद्धा शेव एकेक उचलून बशीत मिशा काढायची, मिशा थोड्या वर सरकवायची, मग खायची. सकाळचे पोहे दुपारी संपायचे. मी म्हणायचे, "अगं, कोणत्या घरात खपणार तू?" ती म्हणायची, "ज्या घरात पोहे गार खातात, त्या घरात."

तीन महिन्यांच्या शेवटी तिला मिनिटभराची फिल्म करून दाखवायची होती. पुण्याच्या, म्हणजे माझी लेक असते त्याच गावच्या, एका स्टुडिओने तिला कामाला बोलावलं होतं, पण वडील तयार नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. रविवारी येतो, तू तिथे काय करतेस ते दाखव. पटलं तर पुणे. नाही तर सांवेरच्या शाळेत शिकव, घरचं जेव. ती म्हणायची, "पटेल आजी. बाबा बोलत नाहीत, पण बघतात नीट."

आता माझा पराक्रम. शुक्रवारी दुपारी मी वर गेले. दारावर कागद होता, "आत हात लावू नका." मी तो नीट वाचला, तो इतरांसाठी आहे असं मनाशी ठरवलं आणि आत शिरले. आत दोन स्टुलांवर मोठी काच ठेवलेली, खाली दिवा, वर कॅमेरा. आणि काचेवर गहू, सोयाबीन, काळे उडीद, सगळं एकत्र सांडलेलं. मधेच दोन मोहऱ्या. माझ्या जिवाला किती लागलं म्हणून सांगू. नोकरीत मी तीस वर्षं लोकांच्या फायली नीट लावून त्यांना सापडेनाशा केल्या होत्या. इथे तर धान्य होतं. मी पदर खोचून बसले. गहू एका डब्यात, सोयाबीन दुसऱ्यात, उडीद पुडीत. मोहऱ्या खिडकीबाहेर. काच पदराने पुसली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

ती बाहेर फोनवर होती. आत आली, काच बघितली, डबे बघितले.

"आजी, माझे बाबा कुठे आहेत?"

"मला काय माहीत? सांवेरला असतील."

"नाही," ती हळूच म्हणाली, "या डब्यात आहेत. मोटारसायकल त्या डब्यात. चाकं पुडीत आहेत."

मग तिने मला संगणकावर दाखवलं. गव्हाचे बाबा, सोयाबीनची मोटारसायकल, उडदाची चाकं. मोहऱ्या म्हणजे डोळे. पंचेचाळीस सेकंद झाले होते, शेवटचे पंधरा राहिले होते, आणि हातात दोन दिवस. मला वाटलं आता रडेल. ती रडली असती तर बरं झालं असतं, मलाही रडता आलं असतं. तिने नुसता स्वेटरच्या खिशातून चिमटा काढला आणि माझ्या हातात दिला. "बसा आजी. तुम्हाला धान्याची सवय आहे."

शेवटचा फोटो संगणकावर पुसट दिसायचा. त्याच्याशी जुळवून दाणा न् दाणा परत मांडायचा. शनिवारी सकाळी आम्ही पाच भजनवाल्या काचेभोवती बसलो. टाळ खाली, चिमटे हातात. "हात काढा, आजी" म्हटलं की पाच आज्या एकदम हात वर करायच्या, पोलिसाने पकडल्यासारख्या. वहिनींना नवे डोळे आणायला घरी पिटाळलं, तर त्या मोहरीऐवजी बारीक राई घेऊन आल्या. बाबा जरा बारीक डोळ्यांचे झाले. दुपारी मला अशी शिंक आली की बाबा मोटारसायकलवरून बोटभर उडाले. ती वाकून बघत राहिली. "राहू द्या. खड्डा आला." आणि फोटो काढला. मग बाबांना हळूहळू खाली आणायला तासभर गेला. "अजून एक, बस," ती म्हणायची. ती 'बस' संध्याकाळपर्यंत काही आली नाही, पण कोणी उठलंही नाही.

रविवारी वडील आले. उंच, गप्प माणूस. खुर्चीच्या टोकावर बसले, गुडघ्यांवर हात. दिवे मालवले. पडद्यावर गव्हाचे बाबा शेतातून निघाले, मागे एवढीशी मुलगी, दोन वेण्या वाऱ्यावर. गाडी खड्ड्यात उडाली तेव्हा मुलं हसली. ते हसले नाहीत. बसथांब्यावर मुलगी उतरली, बाबा तिथेच उभे राहिले, आणि फिल्म संपली.

"परत लाव," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी पडद्याकडे तोंड करूनच विचारलं, "मी इतका ताठ बसतो गाडीवर?"

"थंडीत बसता," ती म्हणाली. "मागे मला वारा लागू नये म्हणून."

ती दोन्ही वेण्यांची टोकं मुठीत धरून उभी होती. ते उठले, बाहेर जाऊन बूट घालायला लागले. मला राहवेना. मागोमाग गेले आणि सगळं कबूल केलं, कागद वाचल्यापासून शिंकेपर्यंत. म्हटलं, "शेवट घाईत झालाय. कुठे कमी वाटलं असेल तर मला बोला, पोरीच्या कामावरून ठरवू नका."

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. मग मान वर केली.

"काकू, तुमची लेक पुण्यात असते असं ही सांगत होती. तिथे थंडी कितपत पडते हो? हिला एक रजई पुरेल की दोन देऊ?"