सात पांढरी वस्त्रे

"आधी पाणी बघून येते," असे बद्रिया म्हणायची. कुणाकडे लग्न निघालेले असो, मूल जन्मलेले असो, की कुणाचा श्वास लांबलेला असो. निरोप आला की पायात चपला सरकवता सरकवता ती एवढेच बोलायची आणि नदीकडे चालू लागायची. पाणी वाहते आहे ना, वरून कुणी घाण सोडलेली नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा हात घागरीला लागत नसे. साचलेले पाणी तिच्या लेखी मेलेले. नळाचे पाणी नदीपासून तोडून आणलेले.

इराकच्या दक्षिणेला, अमारा शहराच्या खालच्या अंगाला, बोरूच्या दलदलीत ती वाढली. आजोबा, बाप, नवरा, सगळे चांदीवर काळी नक्षी कोरणारे. आम्हा मंदाई लोकांचा, वाहत्या पाण्यालाच धर्म मानणाऱ्यांचा, हात पूर्वीपासून त्याच कामावर बसलेला. मग लढाया झाल्या, दुकाने फुटली, दारांवर रात्रीतून खुणा पडल्या, आणि नवऱ्याला तिथल्याच मातीत ठेवून ती बहिणीच्या मागोमाग सिडनीच्या पश्चिमेला, नेपियन नदीच्या काठी येऊन राहिली. इराकमध्ये गुंडांनी तिला काफर म्हटले होते. इथे भर बाजारात एकाने तिच्या डोक्यावरचे पांढरे फडके ओढले आणि "तुमच्या मशिदीत परत जा" म्हणाला.

"तिकडे मुसलमान नाही म्हणून मार, इकडे मुसलमान म्हणून मार," ती बायकांत बसली की सांगायची. "देवाने आम्हाला मधे उभं राहायला वीतभर जागा ठेवली नाही बघा."

बायका हसायच्या. तिच्या हातातली सुई थांबायची नाही.

ती सुई हेच तिचे आयुष्य होते. सदरा, विजार, विजारीची नाडी, डोक्याचे फडके, खांद्यावरून सोडायचा पट्टा, छातीवरचा छोटा तुकडा आणि कमरेला बांधायची लोकरीची दोरी, अशी सात पांढरी वस्त्रे ती शिवायची. शेवटच्या प्रवासाची असतील तर उजव्या अंगाला सोन्याची तार आणि डाव्या अंगाला चांदीची. आमच्यात मेलेल्या माणसाला कपडे घालत नाहीत. श्वास चालू असतानाच अंगावर नदीचे पाणी तीनदा ओतायचे, ही वस्त्रे चढवायची, आणि पाय उत्तरेकडे करून निजवायचे, म्हणजे उठून बसले तर तोंड ध्रुवताऱ्याकडे होईल. वस्त्रांविना जो गेला त्याचा जीव वाटेत अडतो. आणि मागच्यांनी रडायचे नाही. एकेका आसवाची नदी होते आणि ती जाणाऱ्याला ओलांडावी लागते.

सिडनीतून ध्रुवतारा दिसत नाही. तो इथे पृथ्वीच्या पोटाखाली असतो. बद्रियाला ते कुणीतरी समजावले होते. ती म्हणाली, "मला माझा नवराही दिसत नाही. म्हणून काय मी त्याची नव्हे?"

बायकांना वस्त्रे चढवायला तिलाच बोलावत. वेळ ओळखणे हेच खरे कसब होते. फार उशीर झाला तर सगळे संपले, आणि फार लवकर झाले तर फजिती. एकदा तिने घाई केली होती. सबरियाला, आमच्या गल्लीतल्या थोरल्या म्हातारीला, सगळी वस्त्रे चढवून झाली, आणि सबरियाने डोळे उघडून चहा मागितला. पुढे ती पाच वर्षे जगली. बद्रिया दिसली की ओरडायची, "अगं आली बघा! चहा टाका लवकर, नाहीतर मला पाठवून देईल!"

त्या फजितीने तिचा हात सावध झाला, आणि सावध हाताने दुसरी चूक केली. माहिया नावाची, दोन लेकरांची आई, शहरातल्या मोठ्या इस्पितळात होती. बद्रिया पाणी घेऊन गेली, तर वॉर्डाच्या दारात सांगितले, परवानगी लागेल, फॉर्म येईल, तोवर बाहेर बसा. ती बसली. परक्या देशात सांगितले तसे वागावे, असे तिला तेव्हा वाटायचे. घागर मांडीवर घेऊन ती दोन तास खुर्चीवर बसून राहिली. फॉर्म आला तेव्हा माहिया पाठीकडून उघड्या निळ्या झग्यात गेलेली होती. वर्षातले आमच्या सणाचे पाच उजळ दिवस आले तेव्हा तिच्या नावाने वस्त्रे देण्याचा विधी झाला आणि तिच्या जागी बद्रियाच ती नेसून पुजाऱ्यापुढे उभी राहिली. सगळे यथासांग झाले असे पुजारी म्हणाले. पण त्यानंतर कुणी खुर्ची पुढे केली की बद्रिया उभीच राहायची.

मग तीन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, एका सकाळी सुहादचा फोन आला. सुहादची आई नाजिया त्याच इस्पितळात होती. नाजिया आणि बद्रिया अमाऱ्याला एकाच अंगणात खेळलेल्या.

"खाला, डॉक्टर म्हणाले आता औषध नाही. फक्त दुखू नये एवढंच बघणार. आई तुझं नाव घेतेय."

"श्वास कसा आहे?"

"मधे थांबतो. मग एकदम ओढते."

"आधी पाणी बघून येते," बद्रिया म्हणाली.

नदीवर एक माणूस गळ टाकून बसला होता. तिला पाहून त्याने तोंड वाकडे केले. दर रविवारी आमची माणसे पांढऱ्या कपड्यांत त्या पाण्यात उतरायची, आणि त्याच्यासारख्यांनी काठावरच्या झाडाला पाटी ठोकली होती की ही नदी आहे, न्हाणीघर नव्हे.

"आज एकटीच? बाकीची जत्रा कुठेय?" तो म्हणाला.

तिला अर्धेच कळले. तिने पाण्यात गुडघाभर शिरून धार धरली, घागर भरली, वर कापड बांधले. बसमध्ये ड्रायव्हरने विचारले, "त्यात काय आहे?"

"पाणी."

"दुकानात बाटली मिळते, बाई."

ती मागे जाऊन उभी राहिली. बसमध्ये जागा रिकाम्या होत्या.

वॉर्डाची मुख्य नर्स लोरेन नावाची होती. कामाला चोख, पण आमच्या लोकांना पाहिले की तिच्या बोलण्याला धार यायची. घागर पाहताच ती आडवी आली. सुहाद मधे उभी राहून इकडचे तिकडे सांगू लागली.

"बाहेरचं पाणी आत चालणार नाही. त्या नदीत कुत्री पोहतात."

"तिला विचार, नळात काय देव पोहतात?" बद्रिया म्हणाली.

सुहादने ते सांगितले नाही. ती म्हणाली, "आमचा विधी आहे. आईची इच्छा आहे. डॉक्टरांना माहीत आहे."

"कशाची इच्छा? बेशुद्ध बाईची?"

"ती बेशुद्ध नाही. थकलेली आहे."

"मी विचारून सांगते. फॉर्म भरावा लागेल. तोवर बाहेर बसा," लोरेन म्हणाली आणि खुर्चीकडे बोट दाखवले.

बद्रियाने खुर्चीकडे पाहिले. लोरेन टेबलाकडे वळली तशी ती सरळ आत शिरली. सुहादला काही सांगायची गरज पडली नाही. तिने मागून पडदा ओढला.

नाजिया खिडकीच्या बाजूला होती. तिचे डोळे उघडे होते.

"आलीस?" ती पुटपुटली. "मला वाटलं तुला परत खुर्चीवर बसवलं."

"तोंड बंद ठेव. दम जातो तुझा."

दोघींनी खाटेच्या चाकांचा खटका सोडला आणि खाट फिरवून नाजियाचे पाय उत्तरेला केले. खाट आता भिंतीला तिरकी, दारासमोर आली. बद्रियाने बाह्या वर केल्या. एकदा, दोनदा, तीनदा डोक्यापासून पायापर्यंत पाण्याची धार सोडली. थंड पाण्याने नाजिया शहारली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले.

"आपलंच आहे का गं?"

"वाहतं आहे. म्हणजे आपलंच."

निळा झगा उतरवून विजार चढली. सदऱ्याची उजवी बाही गेली. डावीकडे नाजिया कण्हली, "हळू गं, तो हात दुखतो." बद्रियाने तिचा हात आपल्या हाताने आत नेला, जसा लहान मुलीचा नेतात. त्या झटापटीत ठोके मोजणाऱ्या यंत्राची छातीवरची एक तार सुटली आणि ते किंचाळू लागले.

लोरेन धावत आली. तिने पडदा फाडल्यासारखा बाजूला केला. तिला काय दिसले असेल? ओली गादी, फिरवलेली खाट, जिवंत बाईच्या अंगावर पांढरे कपडे, आणि दोन बायका, दोघींचे डोळे कोरडे ठणठणीत.

"तुम्ही काय करताय? ती जिवंत आहे अजून!"

"जिवंत आहे म्हणूनच करतोय," सुहाद म्हणाली.

"थंडीत गार पाणी ओतलंत? कफन घातलंत? मारताय तुम्ही हिला! आणि एकीच्याही डोळ्यात टिपूस नाही. सख्खी मुलगी ना तू?"

सुहादने ओठ दातांखाली धरले. आईच्या वाटेत नदी उभी करायची नव्हती तिला. ते हिला सांगायचे कुठल्या भाषेत?

लोरेनने भिंतीवरचे बटण दाबले आणि खिशातून मोठी कात्री काढली. "हे ओलं सगळं कापून काढणार मी. तार लावायची आहे. तुमच्या वाळवंटातले प्रकार इथे नाही चालायचे."

"वाळवंट कुठलं? आम्ही पाण्यातली माणसं," बद्रिया मंदाईत म्हणाली. ते कुणी ऐकले नाही. तोवर तिने फडके बांधले होते, खांद्यावरून पट्टा सोडला होता, छातीवरचा तुकडा लावला होता. राहिली होती फक्त कमरेची दोरी. कात्री सदऱ्याच्या गळ्याशी आली तशी तिने आपला तळहात कापड आणि पात्याच्या मधे घातला.

कात्री थांबली. तळहाताला पाते टेकले होते आणि बारीक रक्त आले होते. दोन सिक्युरिटीवाले दारात येऊन उभे राहिले.

"हिला बाहेर काढा. पोलिसांना बोलवा," लोरेन म्हणाली.

"पोलीस येईपर्यंत आई जाईल," सुहाद म्हणाली. "खाला, काय करू मी?"

बद्रियाने लोरेनकडे पाहिले. तिचा राग तिला ओळखीचा होता. हा अमाऱ्यातल्या रायफलवाल्यांचा राग नव्हता, पण त्यालाही समोरचा माणूस दिसत नव्हता.

"तिला विचार," ती सुहादला म्हणाली, "तिला कपडे नको आहेत की मी?"

सुहादने विचारले. लोरेनने बद्रियाकडे बोट केले. मग म्हणाली, "ही बाई इथे नको. आज नाही, पुढेही नाही. मागेही हिने असंच दारात ठाण मांडलं होतं, मला आठवतं. लिहून दे म्हणावं."

"मग कात्री खिशात जाईल?" बद्रियाने सुहादकरवी विचारले.

"तार मी कपड्यांखालून लावीन. पण ही गेली पाहिजे."

कागद आला. सुहाद तो वाचून म्हणाली, "खाला, ह्यावर सही केलीस तर ह्या इस्पितळात तुला पाऊल ठेवता येणार नाही. कुणासाठीच नाही. आपल्या सगळ्या बायका इथेच येतात गं. आजारी रहमा आहे, उद्या तुझी बहीणही असेल. त्यांचं कोण करणार?"

बद्रियाने ते ऐकले. मग आधी दोरी घेतली, नाजियाच्या कमरेला वेढली आणि गाठ मारली. तिला कुणी अडवले नाही. त्यानंतर तिने पेन घेतले आणि उजवीकडून डावीकडे आपले नाव लिहिले. कागदावर तळहाताचा लाल डाग पडला.

"हे काय खरडलंय?" लोरेनने विचारले.

"माझं नाव," बद्रिया इंग्रजीत म्हणाली. तेवढे तिला येत होते.

लोरेनने कात्री खिशात टाकली. नाजिया त्याच दुपारी गेली, सातही वस्त्रांत, सोने उजवीकडे आणि चांदी डावीकडे. सुहाद रडली नाही. लोरेनने तिच्याविरुद्ध तसे कागदावर लिहून ठेवले, असे मागाहून कळले. पुढे रहमाची वेळ आली तेव्हा वस्त्रे सुहादने चढवली, चाचपडत, आणि डोक्याचे फडके उलटे बांधले गेले. बद्रिया तेव्हा इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभी होती.

पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी तिने रिकामी घागर उचलली आणि नाजियाच्या कपाळावर हात ठेवला.

"जाते गं."

"जा," नाजिया म्हणाली. "चहा नको मला."

बद्रिया हसली. मग दोन सिक्युरिटीवाल्यांच्या मधून ती लांब व्हरांड्यातून चालू लागली. घागर कमरेवर, हाताला फडके गुंडाळलेले, मागून ओल्या चपलांचे ठसे उमटत होते. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून माणसे डोकावली. कुणी मोबाइल वर धरला. कुणीतरी म्हणाले, "ह्या लोकांना का घेतात?" ती थांबली नाही, आणि पावलांची गतीही वाढवली नाही.

सुहादला आईचा हात सोडून दारापर्यंत जाता आले नाही. लोरेन तार लावण्यात गुंतली होती, तिने मान वर केली नाही. पाहत होती ती फक्त नाजिया. पांढऱ्या फडक्यातून, खाटेवरून सरळ दारातून बाहेर, बद्रिया वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत.