दोन नंबर गाडीचा ब्रेक

चार वर्षांत ही गोष्ट कितीदा तरी ओठांपर्यंत आली — आणि दर वेळी मी ती गिळली. बायकोला ठाऊक नाही, भावाला नाही, लेकीला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो. मन हलकं करायला नाही. स्वतःच्या गप्प बसण्याचा आता इतका राग येऊन राहिलाय, की बसवत नाही.

औंढ्याहून सिद्धेश्वर धरणाकडं जाताना आमच्या भागातल्या एकानं शेतात पर्यटन केंद्र काढलं होतं. झोपाळे, हुरडा, आणि टेकडीवरून दिसणारं धरणाचं पाणी. मी तिथं गाड्यांची देखभाल करायचो. गाड्या दोन. कागदावर त्यांचं नाव गोल्फ कार्ट — आमच्या हिंगोली जिल्ह्यात गोल्फ कोण खेळतं? आम्ही त्यांना बॅटरीची गाडी म्हणायचो. म्हाताऱ्या माणसांना फाटकापासून टेकडीवर न्यायचं, परत आणायचं, एवढंच काम.

मे संपत आला की आमच्याकडं वावधान सुटतं. पत्रे उडतात, खांब वाकतात. त्याआधी गाड्या तयार करणं ही माझी जबाबदारी. बॅटऱ्यांची टोकं घासून त्यांना व्हॅसलीन लावायचं, आत डिस्टिल्ड पाणी भरायचं. चार्जिंगचा बोर्ड भिंतीवर उंच चढवायचा. बाजूचे प्लास्टिकचे पडदे काढून ठेवायचे, नाहीतर त्यांत वारं भरतं आणि गाडीच ओढली जाते. छताचे नट आवळायचे. ब्रेक तपासायचे. काम झालं की रजिस्टरात लिहायचं आणि खाली सही.

त्या वर्षी मी सगळं केलं. एक गोष्ट सोडून — आणि ती विसरलो नव्हतो. हेच तर सांगायचंय.

दोन नंबरची गाडी अशोक चालवायचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आयटीआय झालेला, भीमनगरातला. कामात चोख. इतका चोख, की मला तो टोचायचा. एकदा मालकासमोरच त्यानं बॅटरीचं झाकण उघडून विचारलं, "भाऊ, बोअरचं पाणी टाकलं का ह्याच्यात? पांढरं जमून राहिलंय." बोलला आदरानंच. आणि खरं बोलला — मी आळसानं बोअरचंच पाणी टाकलं होतं. मालक हसला. बस, एवढंच झालं. पाटलाच्या भावकीतला मी, आणि ह्यानं मला शिकवावं? हो, हेच आलं माझ्या मनात. ह्याच शब्दांत. आता लपवून काय करू?

त्यानंतर आठ दिवसांनी तो म्हणाला, "भाऊ, दोन नंबरचा हँडब्रेक बराबर धरत न्हाई. केबलीच्या तारा सुटून राहिल्या."

नवी केबल माझ्या टेबलाच्या खणात होती. अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, "पाहतो." दोन दिवसांनी त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "पाहतो." तिसऱ्यांदा आला तेव्हा मी रजिस्टरात लिहून त्याला दाखवलं — दोन नंबर गाडी, ब्रेक केबल बदलली. खाली माझी सही. तो ते वाचून बरं म्हणाला आणि गेला. त्यानं माझ्या सहीवर विश्वास ठेवला! मला काय वाटलं असेल? मजा वाटली. ब्रेक अजून ढिला लागेल, हा परत येईल, विनवणी करेल, मग बघू — असा माझा हिशेब. माणूस इतका हलका असू शकतो? मी होतो.

वावधान तीन दिवसांनीच आलं. दुपारचे तीन वाजले असतील. धरणाकडून आभाळ पिवळं पडत आलं. अशोक परभणीच्या एका कुटुंबाला घेऊन टेकडीवर होता. मी वीस पावलांवर लोखंडी फलक दोरीनं बांधत होतो. वारं वाढताच त्यानं उतारावर गाडी थांबवली, ब्रेक ओढला आणि खाली उतरून लेकरांना शेडमध्ये पोचवलं. मागच्या सीटवर त्यांची आजी तेवढी राहिली होती. तिला आणायला तो वळला आणि वाऱ्याचा एक लोट आला.

गाडी हलली. आधी हळू, मग सुटलीच.

तो धावला. गाडीच्या मागं जाऊन खांदा लावला. त्या वजनाला खांदा लावून काय होतं? पण त्यानं लावला. गाडीची दिशा थोडी बदलली, ती दरीकडं न जाता दगडी कठड्यावर आदळली. आजीचं मनगट मोडलं, जीव वाचला. अशोकचा गुडघा कठडा आणि गाडीच्या मधे सापडला. ते ओरडणं मी ऐकलंय.

त्याला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. मालक सोबत गेला, बाकीचे सगळे फाटकावर जमले. टेकडीवर गाडी आणि मी.

आता ऐका. इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल, द्वेषानं काम टाळलं, एवढाच ह्याचा गुन्हा. नाही. भर पावसात मी खाली आलो, खण उघडला, नवी केबल घेऊन टेकडीवर गेलो. गाडीखाली चिखलात उताणा पडलो. जुनी केबल आतून तुटली होती, ती काढून खिशात घातली आणि नवी बसवली. नवी म्हणून चमकत होती, तिला चिखल फासला.  

दुसऱ्या दिवशी मालकानं औंढ्याहून मिस्त्री आणला. ब्रेक एकदम ठीक निघाला. रजिस्टर उघडलं, माझी सही. मालकानं मला विचारलं, "मंग?" मी म्हणालो, "गडबडीत ओढायचा राहिला असंल त्याचा." एवढं एक वाक्य पुरलं. कुणी उलट प्रश्न केला नाही. माझा शब्द कसा चालतो आणि अशोकचा कसा पडतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याच जोरावर मी उभा राहिलो. दवाखान्यात पडलेल्या अशोकला कामावरून काढल्याचं कळवलं गेलं. मालकाचा राग येतो मला — एकदाही त्यानं अशोकला का विचारलं नाही? पण हा राग तरी कोणत्या तोंडानं करू?

मागच्या महिन्यात जवळा बाजारला गेलो होतो. आठवडी बाजारात अशोक दिसला. बायकोच्या भाजीच्या दुकानामागं, खुर्चीवर, पाय सरळ लांब करून. गुडघा वाकत नाही. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यानंच हाक मारली, "भाऊ! या की, बसा."

बसलो. घरचं विचारलं, शेतीचं विचारलं. मग तो खाली पाहत म्हणाला, "भाऊ, एक इचारू? सारखं तेच येतं मनात. तुमी तर तिथंच व्हते त्या दिवशी. मी ब्रेक ओढला व्हता का न्हाई? मला वाटतं ओढला. पण सगळे म्हणतेत न्हाई. तुमी पाहिलं का?"

त्याचा चेहरा सांगत होता, की मी जे म्हणेन ते तो मानणार.

"ध्यानात न्हाई रे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मंग न्हाईच ओढला असंल," म्हणाला. "त्या म्हातारीचा हात माझ्यामुळंच गेला, भाऊ." आणि गिऱ्हाइकाला मेथीची जुडी काढून दिली.

अशोकनं ब्रेक ओढला होता. दोन्ही हातांनी, शेवटपर्यंत ओढला होता. मी पाहत होतो.