डोहात ओतलेली पावडर

मला माणसांची किळस सहसा येत नाही. खरूज, फुटलेली गळवं, अंगणातली घाण, सगळं याच हातांनी धुतलंय. पण त्या पोराची आली, आणि मेली अजून जात नाही.

चांदा जिल्ह्यात तेव्हा हिवतापाची फवारणी नुकती सुरू झाली होती. मी नागभीडकडचा, नेमणूक अहेरीपुढच्या जंगलात. पावसाच्या आधी नागपूरहून आरोग्य निरीक्षकाचं शिक्षण घेणारी पोरं माझ्या हाताखाली काम शिकायला यायची. त्या साली एकच आला. इस्त्रीची पॅन्ट, चापूनचोपून तेल, नाकाला कायम रुमाल. कुणाच्या घरात शिरताना तोंड असं वाकडं करायचा, की मलाच त्या घरच्यांसमोर मान खाली घालावीशी वाटे. "अरे, आधी बस, त्यांच्या घरचं पाणी पी, मग पंप उचल," असं मी रोज सांगायचो. कसलं पितोय! सुरई घेऊन हिंडायचा शहाणा.

त्या साली आम्ही ज्या गोंडांच्या गावात फवारायला गेलो, त्यानं आम्हाला सहजासहजी घरात घेतलं नव्हतं. म्हाताऱ्या पाटलाचा एक नातू हिवतापानं गेलेला, दुसरा दिवसाआड थंडीनं कुडकुडायचा. मी त्याच्या ओसरीवर बसून जीभ झिजवली. "भाऊ, हे पावडर मच्छराले मारते, माणसाले काई करत नाई." शेवटी तो कबूल झाला. "पह्यले माह्या घरी मार," म्हणाला. मी स्वतः त्याचं घर फवारलं, मग गाव तयार झालं.

दुसऱ्या दिवशी उरलेली घरं पोरावर सोपवून मी शेजारच्या टोल्यावर, पाच-दहा घरांच्या वस्तीवर, गेलो. दुपारी परतलो तर हा मोहाखाली बसून भांग पाडतोय. पिशव्या रिकाम्या, पंप कोरडा. घरांत डोकावलो, भिंतींवर पांढरा ठिपका नाही.

"पावडर कुठंय?"

तो काही बोलायच्या आत नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. हसणं, हाका. डोहात मासे उलटे होऊन तरंगत होते आणि अख्खं गाव टोपल्या भरत होतं. तिकडे झाडाची साल ठेचून डोहात टाकतात, मासे गुंगून वर येतात, ते भाजून खातात. कुणाला काही होत नाही. कुणीतरी साल टाकली असेल म्हणून सगळे खुशीत होते. काठावर एका बाईनं जाळही केला होता.

"डोहात ओतलीस?"

"घरं झाली म्हणून दाखवायचं तर पावडर संपायला नको का, साहेब?" हे त्यानं मलाच समजावून सांगितलं!

 गावाला खरं सांगावं तर इथं पुन्हा कुणी पंप शिरू देणार नाही, आणि पावसाळ्यात तो दुसरा नातू जाईल. न सांगावं तर हे आत्ता खातील. मी ओरडतच नाल्यात उतरलो.

"खाऊ नोका! फेका ते! आमच्या औषधानं मेले ते मासे!"

पाटलानं हातातला मासा सोडला.

"माह्या घरी मारलं, तेच औषध?"

"हो भाऊ, तेच. पण भिंतीवर..."

"तू तं म्हणे, मच्छरच मरते."

 त्यानं हात धुतले, घरी गेला आणि सुनेला हाक मारली. तिनं माती-शेण कालवलं आणि मी फवारलेली भिंत लिंपायला घेतली. नातू अंगणात बाजेवर, उन्हात घोंगडी पांघरून कापत होता. मग शेजारच्या घरी लिंपण सुरू झालं, मग त्याच्या पलीकडे. पावडर शेणामातीखाली गेली, आता तिच्यानं मच्छर मरणार नव्हते, आणि मी नुसता बघत उभा.

मागून रुमालातून आवाज आला, "साहेब, मग आता उरलेली घरं मारायची नाहीत ना? निघालो तर संध्याकाळची मोटार मिळेल."