सोमवारची फाईल

शिरूरच्या तहसील कचेरीत सोमवारी दुपारी अर्ज देऊन कुणालाही सरकारी फाईल बघता येते. मी माझ्या जमिनीच्या फेरफारापायी तिथं चपला झिजवत होतो, तेव्हा एक आबा हमखास दिसायचे. नाव कधी विचारलं नाही. टोपी मांडीवर ठेवून ते रस्ता रुंदीकरणाची फाईल उघडायचे आणि एकाच पानावर थांबायचे.

त्या पानावर पंचनाम्याचा फोटो होता. त्यांची चिंच, आणि खोडाला हात लावून उभी असलेली त्यांची कारभारीण. चिंच रस्त्यात गेली, मागोमाग तीही गेली.

एकदा न राहवून मी म्हणालो, "आबा, मोबाईलवर फोटो काढून देतो. कशाला दर सोमवारी कोरेगावाहून येता?"

"मोबाईलात हाय की," ते म्हणाले. "पण घरी बघत बसलो की सून म्हणती, किती दिवस त्येच त्ये. हितं कुणी तसं म्हणत न्हाई. भाईर बोर्डावर लिवलंय, बघायचा हक्क हाय म्हणून."

पाच वाजता कारकून आला. आबांनी फाईल दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिली.

"नीट ठिवा," एवढंच म्हणाले.