हिरवा पट्टा खाली

बाळकृष्ण टेंब्यांना श्रीपाद फारसा ओळखत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. सात वर्षं एका खोलीत बसूनही त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की चंदीगडच्या त्या तंत्रशाळेत टेंबेसाहेब हेडक्लार्क होते आणि त्यांना न समजणारी गोष्ट जगात अजून जन्माला यायची होती.

१९७६ साली जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्याचे पाहुणे शाळा बघायला येणार होते. प्राचार्यांनी त्यांच्या राज्याचा झेंडा शिवून घ्यायला सांगितला. त्यांच्या पत्रासोबत झेंड्याचं रंगीत चित्र आलं होतं. वर हिरवा, मध्ये पांढरा, खाली लाल पट्टा आणि मधोमध ढाल. ढालीवर नदीचं पांढरं वळण, उसळता घोडा आणि गुलाब.

टेंबे आणि श्रीपाद ते घेऊन सेक्टर बावीसमधल्या शिंप्याकडे गेले.

"हरा नीचे लेना," टेंबे म्हणाले.

"साहबजी, फोटो में तो ऊपर है."

"फोटो उलटा छपा है. झंडे में हरा हमेशा नीचे होता है."

"पर जी, घोड़ा तो सीधा खड़ा है!"

"घोड़े का तुम मुझे सिखाओगे?" मग श्रीपादकडे वळून मराठीत, "पंधरा ऑगस्टला आपल्याकडे झेंडा कोण बांधतं रे?"

"तुम्हीच, साहेब."

"मग?"

श्रीपादला शिंप्याचं पटलं होतं. पण तो हंगामी कारकून होता, आणि त्याला कायम करण्याचा कागद टेंब्यांच्या शेऱ्यासाठी अडला होता. त्याने चित्राची घडी करून खिशात ठेवली. शिंप्याने मुकाट्याने पट्टे फिरवले आणि त्यावर ढाल मात्र सरळ शिवली.

पाहुणे आले. त्यांच्यातला म्हातारा झेंड्यापुढे थबकला आणि फार सभ्यपणे प्राचार्यांना म्हणाला, "हंगेरीचे लोकही येणार आहेत का? पट्टे त्यांचे आहेत. घोडा मात्र आमचा."

प्राचार्यांनी टेंब्यांकडे पाहिलं. टेंब्यांनी क्षणाचाही वेळ न घालवता श्रीपादकडे बोट केलं. "सर, चित्र याच्याकडे होतं."

खरंच होतं, श्रीपादच्याच खिशात. ते काढून, हिरवा खाली घ्यायला साहेबांनीच सांगितलं, असं म्हणायला हातभर हिंमत लागली असती, आणि त्याच्याकडे वीतभरही नव्हती. कागदावर शेरा पडला, 'कामात निष्काळजी', आणि कायम होणं तीन वर्षं लांबलं. टेंबे मात्र निवृत्तीच्या भाषणात, जर्मनांचं स्वागत आपण कसं निभावलं, हे पाऊण तास सांगत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीपादनेही वाजवल्या.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात टेंबे त्याला सेक्टर बावीसच्या बाजारात भेटले. मफलर, दोन्ही हातांत पिशव्या.

"काय रे, कायम झालास का?"

"झालो, साहेब. तीन वर्षं झाली."

"बघ, मी म्हणतच होतो. ही पिशवी जरा रिक्षात ठेव. खाली टोमॅटो आहेत, सांभाळून."

"ठेवतो, साहेब," श्रीपाद म्हणाला.