हरणाबाईंचा खोकला

विश्रामबागेतल्या शालूताईंच्या घरी सकाळ रोजच्यासारखीच चालली होती. दूध उतू जाण्याच्या बेतात होतं, फौजेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान मानसिंगराव अंगणात गुलाबाच्या कुंड्यांची हजेरी घेत होते, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा राहीबाई चहाबरोबर हरणाबाईंच्या खोकल्याची काळजी करत बसल्या होत्या.

हरणाबाई जतकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरांचा कळप गेला आणि नवराबायको सांगलीला आली. मंडळाने त्यांना आपल्या आवारातली बालवाडीमागची खोली दिली. नवरा बिराप्पा कुपवाडला एका कारखान्यात रातपाळीला लागला, आणि हरणाबाईंना शहराची सवय लावायचं काम मंडळाने अंगावर घेतलं. एकीने स्टोव्ह पेटवायला शिकवला, त्यात अर्धी भुवई गेली. दुसरीने शिवणयंत्रावर बसवलं. बाकी मंडळाचे नियम दोनच: आवारात जनावर नको आणि बाईमाणसाने रात्री बाहेर झोपायचं नाही.

पाळीपाळीने घरोघरचा डबा त्यांना जाई. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा हरणाबाईंचा नियम मंडळाहून जुना. सुरुवातीला डब्यांतून गावाकडचे हुलगे आले. ते संपल्यावर चिंचोके, मग कडुलिंबाच्या दातवणकाड्या. राहीबाईंच्या डब्यात तर मूठभर लोकर निघाली. "थंडीची कानात घाला, आक्का," असा निरोपही होता.

आणि हा खोकला! रात्रभर खोलीतून ऐकू येतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार. औषधाच्या दोन बाटल्या झाल्या, तरी हटेना.

"आता मिरजेला नेऊन छातीचा फोटोच काढू," राहीबाई म्हणत होत्या, तेवढ्यात कडी वाजली.

दारात हरणाबाई. हातात शालूताईंचा डबा, माहेरचं नाव घातलेला.

"ताई, पुरनपोळी लय ग्वाड हुती. घ्या."

झाकण काढलं तर वर कडुलिंबाचा पाला आणि खाली गच्च भरलेले काळे, गोल, वाळलेले दाणे.

"अगं बाई, काळे वाटाणे!" म्हणत राहीबाईंनी हात घातलाच होता.

"थांबा!" मानसिंगराव अंगणातून धावत आले. "लेंडीखत आहे ते!"

राहीबाईंचा हात होता तिथंच राहिला. शालूताई माहेरच्या नावाकडे बघत राहिल्या. मानसिंगरावांना मात्र लॉटरी लागल्यागत झालं.

"एक नंबर माल! आणि परवाचाच दिसतोय. मेंढरं कुठं बांधलीत, हरणाबाई?"

हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि सवयीने खोकल्या. शालूताईंनी तो खोकला आज पहिल्यांदाच जवळून ऐकला. चार लेकरांची आजारपणं काढलेली बाई ती. खरा खोकला कुठून येतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि हा तिथून येत नव्हता.

"हरणाबाई, औषध घेतलं का?"

"न्हाई ताई. बाटल्या भरलेल्याच हायत. परत देते की. न्हाई तरी रिकाम्या कशा देनार?"

"मग खोकता कशाला रात्रभर?"

हरणाबाई उंबऱ्यावरच बसल्या. "एकच मेंढी हाय, आवं. कळपातली शेवटची. गाभन हाय. दिवसा माळाला नेते, रातच्याला खोलीमागं कुंपनाला बांधते. एकटी पडली की वरडती. तिचं वरडनं कुनाला कळू न्हाई म्हनून मी आतनं खोकते."

"नियम म्हणजे नियम," राहीबाई हात पाण्याखाली धरून म्हणाल्या. "विकून टाका तिला. मंडळ तुम्हाला शिवणयंत्र देतंय ना?"

"यंत्राला कोकरू हुतंय व्हय, आक्का?"

मंडळाच्या घटनेत कोकराचं कलम नव्हतं. राहीबाईंनी गार झालेला चहा उचलला.

"आमच्या अंगणात बांधा," मानसिंगराव म्हणाले.

"गुलाब खाईल ती," शालूताई.

"खाऊ दे. खत तर घरचं होईल!"

"मंडळाच्या आवारात नको, बाकी कुठंही बांधा," राहीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. हरणाबाई मात्र उठेनात.

"आता काय राहिलं?" शालूताईंनी विचारलं.

"जागा लय झ्याक हाय, ताई. पन मेंढरू एकटं न्हाई ऱ्हात. धनी रातपाळीला. तुमचा तेवढा दुसरा नेम मोडा. मला हितं तिच्याशेजारी, उघड्यावर, घोंगडं टाकून झोपू द्या."