क्वार्टर नंबर सतराचं फायकस

विश्राम तावडे यांना बंद झाकण बघवत नसे. बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका रसायन कारखान्यात पंप आणि व्हॉल्व्ह उघडून तपासण्यात तीस वर्षं गेली, त्याचा हा परिणाम असावा. विरजण लावलेल्या पातेल्यावरचं ताट ते तासातासाला उचलून बघत. मग दही लागणार कसं? शेवटी वत्सलाबाई पातेलंच शेजारणीकडे नेऊन ठेवू लागल्या.

पण जगातल्या यच्चयावत झाकणांखाली डोकावणारा हा गृहस्थ एका कुंडीखाली मात्र कधी डोकावला नाही, आणि तेच त्यांना भोवलं.

कुंडी होती फायकसची. लग्न होऊन वत्सलाबाई चाळीसगावहून बडोद्याला, कंपनीच्या कॉलनीत आल्या, तेव्हा त्यांना ना गुजराती येत होतं ना कुणी ओळखीचं होतं. डभोई रोडवरच्या नर्सरीतून त्यांनी वीतभर रोप आणून अंगणात ठेवलं. झाड वाढलं, त्याच्या सावलीत बायका पापडीच्या शेंगा निवडायला येऊन बसू लागल्या आणि तिथंच वत्सलाबाई गुजराती शिकल्या, हसण्यापुरतं आणि भांडण्यापुरतंही. कुंडी उचलून विटांवर ठेवा, असं त्यांनी नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं. ते म्हणत, रविवारी बघू. असे रविवार जाता जाता मुळं कुंडीचा तळ फोडून जमिनीत उतरली आणि झाड क्वार्टरचं होऊन बसलं.

आता सप्टेंबरअखेर निवृत्ती आणि ऑक्टोबर संपेपर्यंत क्वार्टर रिकामं करायचं. बडोद्यातच गोत्रीला फ्लॅट घेऊन ठेवला होता. वत्सलाबाई सामानाची बांधाबांध हसतखेळत करत होत्या, फक्त झाडाकडे बघायचं टाळत होत्या. एकदाच म्हणाल्या, "माझं बडोदं याच्याखाली सुरू झालं हो. ते इथंच सोडून जायचं." चूक कुणाची, हे विश्रामरावांना पुरतं ठाऊक होतं.

प्रयत्न त्यांनी जुलैपासूनच चालवले होते. आधी बारा फांद्या छाटून मातीत खोचल्या. मुळं फुटली का, हे बघायला एक दिवसाआड उपटल्या. बाराही गेल्या. मग कॉलनीच्या माळ्याने गुटी बांधायला शिकवलं. फांदीची साल बोटभर रुंदीची गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, तिथं ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं, आणि झाडावरच दीड-दोन महिने विसरून जायचं. विसरून जाणं हा भाग विश्रामरावांना झेपणारा नव्हता. तीन गुट्या त्यांनी 'नुसतं बघतो' म्हणत उघडल्या आणि तिन्ही सुकवल्या. माळ्याने कपाळाला हात लावला. चौथी गुटी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बांधली आणि क्वार्टर सोडायचा दिवस उजाडला तरी प्लास्टिकमधून शेवाळाखेरीज काही दिसेना.

त्या क्वार्टरमध्ये नवीन राहायला आलेली मैत्रेयी आणि तिचा नवरा देवेश दोघंही कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तीस वर्षांत वरिष्ठांपुढेही न अडखळलेले विश्रामराव त्या पोरीपुढे अडखळले. एक पिशवी झाडावर राहू द्याल का, म्हणाले, आणि मग कुंडीची सगळी कहाणी, स्वतःच्या आळसासकट, सांगून टाकली. मैत्रेयीने हसून मान हलवली. त्यानंतर तिला रोज सकाळी फोन जाऊ लागला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "काका, मुळं दिसली की मीच फोन करेन. तोवर तुम्ही शांतीनं बसा ना."

ते बसले. बसले कसले, नव्या घरातले सगळे नळ खोलून पुन्हा बसवले. पण फोन मात्र केला नाही. कॉलनीकडे जाणाऱ्या नंदेसरीच्या बसला दोनदा हात दाखवला आणि दोनदा खाली केला. वत्सलाबाईंनी हे गॅलरीतून पाहिलं होतं. त्या दिवशी चहात आलं जरा जास्त पडलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला फोन आला: पांढरी मुळं प्लास्टिकला आतून टेकली आहेत.

दोघं रिक्षा करून गेले. विश्रामरावांनी गुटीच्या खाली फांदी कापली तेव्हा पांढरा चीक त्यांच्या मनगटावर ओघळला, पण त्यांनी तो पुसलाही नाही. मुळांचा गड्डा धरून ते रोप त्यांनी बायकोच्या हातात दिलं. ते म्हणाले, "घ्या. उशीर झाला मला." वत्सलाबाईंचे डोळे भरून आले आणि त्या हसल्याही.

निघताना त्यांचं लक्ष वर गेलं. दुसऱ्या एका फांदीवर नवी पिशवी बांधलेली होती. मैत्रेयी जरा लाजली.

"ही माझी," ती म्हणाली. "आम्ही तरी इथं कुठं कायमचे आहोत, काकू? जाताना न्यायला आमचंही हवं ना."

वत्सलाबाईंनी रोप नवऱ्याकडे सोपवलं, पदर खोचला आणि पिशवी चाचपून पाहिली. खालची गाठ घट्ट हवी, नाहीतर ओल टिकत नाही, असं सांगत त्यांनी मैत्रेयीचा हात धरून सुतळी पुन्हा गुंडाळायला घेतली. मग बोलणं झाडावरून शेजारणींवर गेलं: पापडी कोण स्वस्त आणते, कुणाशी जपून राहायचं. दोघी तिथंच सावलीत टेकल्या.

फाटकाबाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. विश्रामराव रोप छातीशी धरून बाहेर आले आणि म्हणाले, "थोभो भाई, हजी वार लागशे." अजून वेळ लागेल एवढं सांगून तेही त्याच्या शेजारी, घाई नसलेल्या माणसासारखे, उभे राहिले.